तीन कॉर्ड पुरतात

सर, काल शाळेत तुमच्या फोटोला हार घातला आणि पुढचे दोन तास माणसं तुम्हाला एकच शब्द इतक्या वेळा लावत राहिली की शेवटी मला त्या शब्दाने मळमळायला लागलं. दयाळू. मुख्याध्यापक म्हणाले दयाळू, तुमचे जुने सहकारी म्हणाले दयाळू, संगीताच्या नव्या खोलीची फीत कापायला आलेले पाहुणे म्हणाले दयाळू, आणि त्या पाहुण्यांनी तर तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. मी प्रमुख वक्ती होते. माईकसमोर उभी राहिले की मी कुणाची भीड ठेवत नाही, अशी माझी या जिल्ह्यात ख्याती आहे. तुमच्याबद्दल खरं बोलायचं ठरवूनच मी घरून निघाले होते. तिथे जाऊन मी पस्तीस मिनिटं कलेवर आणि समतेवर बोलले, टाळ्या घेतल्या आणि खाली बसले. तुमच्यावर एकच वाक्य बोलले, की सरांनी मला कान दिला. ते खरं आहे. बाकीचं इथे लिहिते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्हाला आता उत्तर देता येणार नाही. तेव्हा आम्हालाही देता येत नव्हतं.

कुठल्याशा निवृत्त इंजिनिअरने शाळेला आठ गिटारी दिल्या तेव्हा मी आठवीत होते. आम्ही वरठीच्या आसपासच्या गावांतून सायकलने येणारी पोरं, गिटार फक्त सिनेमात पाहिलेली. तुम्हीही तशीच पाहिलेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तुम्ही मूळचे पेटीवाले. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन वाजवायला जायचात आणि पहाटे नाटक सुटलं की थेट शाळेत यायचात, डोळे लाल, मफलर कानाभोवती तसाच. गिटार तुम्ही एका पुस्तकावरून शिकलात, आमच्यापेक्षा एक धडा पुढे राहून, आणि आम्हाला शिकवलीत ती पेटीच्या भाषेत. सी म्हणजे पांढरी एक, जी म्हणजे पांढरी पाच. भंडाऱ्याहून एकदा एक तरुण गिटारवाला शाळा बघायला आला होता. त्याने मला डी वाजव म्हटलं तर मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. तुम्ही मागून ओरडलात, "पांढरी दोन वाजव ना वं!" आणि माझी बोटं आपोआप जागेवर गेली. तो हसला, तुम्हीही हसलात, लाजून. त्या क्षणी मला तुम्ही फार आवडला होतात. शाळा भरायच्या तासभर आधी येऊन तुम्ही आठही गिटारी एकेक करून पेटीवर मिळवायचात. पेटीच जरा चढी होती, म्हणून आमच्या गिटारी सगळ्या जगाहून चढ्या होत्या, पण एकमेकींशी घट्ट मिळालेल्या होत्या. आजही सभेत माईक शिटी मारणार असेल तर ते मला साउंडवाल्याच्या आधी कळतं. हा कान तुमचा. मी नाकारत नाही.

मी लिहायला बसले आहे ते नववीच्या वर्षाबद्दल. आठवीत आम्ही मोकळ्या कॉर्ड शिकलो, दोन-तीन बोटं तारांवर ठेवली की झालं. नववीत बार कॉर्ड आल्या. पहिलं बोट आडवं करून सहाही तारांवर पट्टीसारखं दाबून धरायचं आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचा आकार करायचा. पहिली बार कॉर्ड एफ, म्हणजे आपली पांढरी चार. ती कुणालाच जमत नव्हती. तारा भुणभुणायच्या, मधल्या दोन तर मेल्यासारख्या थप्प वाजायच्या, बोटाच्या कडेला खोल वळ उठायचा. तुम्ही सांगितलं होतं की ही कॉर्ड आली तर माणूस गिटारवर कुठेही जाऊ शकतो, कुठल्याही पट्टीत, कुठल्याही गायकासोबत, आणि ही नाही आली तर तो दारातच उभा राहतो. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या पातळीची परीक्षा होती. तुम्ही गाण्याच्या परीक्षांतला शब्द उचलून तिला मध्यमा म्हणायचात, म्हणून आम्हीही मध्यमाच म्हणायचो. परीक्षक नागपूरहून यायचे. जो बार धरेल तोच बसेल, एवढं सोपं होतं. मला बसायचं होतं, सर. मला आजवर ज्या गोष्टी हव्याशा वाटल्या, त्यांत इतकं हवंहवंसं फार थोडं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही मला थांबवून घेतलंत. तुम्ही खर्रा घोटत होतात. पन्नीतली सुपारी आणि तंबाखू तळहातावर घासण्याचा तो आवाज, मग खिडकीशी जाऊन थुंकणं. संगीताच्या खोलीच्या त्या खिडकीखाली भिंत गुडघ्यापर्यंत तपकिरी झालेली होती आणि आम्हा पोरांना तिची इतकी सवय होती की ती आम्हाला दिसतही नव्हती. तुम्ही खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिलीत. कॅपो. गिटारच्या मानेवर लावायचा स्प्रिंगचा चिमटा. तो लावला की बोटाचं काम चिमटा करतो, बार धरावी लागत नाही, जुन्या सोप्या कॉर्डवर भागतं. "तुही बोटं लहान हायेत बेटा," तुम्ही म्हणालात. "कायले त्रास करून घेते? हे लाव आन मजेनं वाजव." मी घरी येईपर्यंत सायकल एका हाताने चालवली, दुसरा हात दप्तरातल्या त्या चिमट्यावर. त्याच्या स्प्रिंगमध्ये सुपारीचे कण अडकले होते. मी ते दात घासायच्या ब्रशने साफ केले, मन लावून, जणू ते दागिन्याला लागलेलं काही होतं.

माय चुलीपुढे बसून लाखोरीचं वरण घोटत होती. मी चिमटा तिच्यासमोर धरला.

"हे कपडे वाळवाचा चिमटा हाये का वं?"

"गिटारचा हाये. सरांनी मले देल्ला. फक्त मलेच."

"फक्त तुलेच?" तिने घोटणी थांबवली. "काहून?"

"माही बोटं लहान हायेत म्हणून."

तिने माझा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. "हे बोटं लहान? धानाच्या रोवणीत तू मले मांगं टाकतेस याच बोटाइनं. कोण म्हणते लहान?" मला तिचा राग आला. सरांनी प्रेमाने दिलेल्या वस्तूवर अशी शंका घेणारी, चौथीपर्यंत शिकलेली बाई. मी तिला म्हटलं की तुले संगीतातलं काय समजते. ती पुन्हा वरण घोटायला लागली. माय अजून आहे. तिच्याजवळ मी ते वाक्य अजून परत घेतलेलं नाही.

सुट्टीनंतर तुम्ही मध्यमाची यादी फळ्यावर लावली. सहा नावं होती, त्यात माझं नव्हतं. वर्गातली पोरं मला चिमटेवाली म्हणायला लागली होती, आणि मी तेही मिरवत होते. यादीत एका साहेबांच्या मुलीचं नाव होतं. गोरी, लाजरी, माझ्याशी चांगली वागणारी. घरी तिची स्वतःची गिटार होती. मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली की तुझी बोटं लहान आहेत असं सर म्हणतात, दाखव ना. आम्ही तळहाताला तळहात लावला. माझी बोटं तिच्या बोटांवरून अर्धं पेर वर निघाली. ती म्हणाली, "अगं, तुझी तर मोठी आहेत!" तिला काहीच कळलं नव्हतं, ती नुसती हसत होती, आणि मी तिच्या तळहातावरून हात काढायला विसरले होते. संध्याकाळी सायकल स्टँडवर दुसऱ्या तुकडीतली, मासेमारी करणाऱ्या घरातली माझी मैत्रीण भेटली, तीही यादीत नव्हती. मी चिमटा काढून तिला दाखवला. तिने फ्रॉकच्या खिशातून तसाच दुसरा काढला.

"तुलेबी?" ती म्हणाली. मग हसायला लागली. "चल मंग, दोरी बांधू. तुहे बी कपडे वाळतीन, माहे बी."

मी हसले नाही. मी तशीच उलटी फिरून संगीताच्या खोलीत आले. तुम्ही गिटारी कपाटात ठेवून कुलूप लावत होतात. ते संभाषण मला शब्दशः पाठ आहे, कारण पुढे कित्येक वर्षं रस्त्याने चालताना मी ते पुन्हा पुन्हा बोललेलं आहे, माझी बाजू दरवेळी अधिक चांगली करून. पण त्या दिवशी ती अशी होती:

"सर, तिची बोटं माह्यापेक्षा लहान हायेत. आमी मोजली."

"मोजली?" तुम्ही हसलात. "संगीत काय मोजून येते का बेटा?"

"मंग माही लहान हायेत हे तुमी कशावरून सांगतलं?"

तुम्ही खिडकीशी जाऊन थुंकून आलात. "हे पाय, बार बसाले सहा महिने लागतेत. रोज घरी वाजवा लागते. तुह्या घरी गिटार हाये?"

"नाही. शाळेची घरी न्यू द्या ना शनवारी."

"ते नियमात नाही बसत. आन बसली परीक्षेले, झाली नापास, मंग रडशील. ते मले नाही पाहवत." तुम्ही जवळ आलात. आवाज अगदी मऊ झाला होता. "तुले वाजवाचं तरी कुठं हाये सांग? जयंतीले, विहारात. तुमच्या गाण्याइले तीन कॉर्ड पुरतेत."

आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. खर्रा घोटलेला हात. मी घरी जाऊन केस धुतले, नोव्हेंबरात, थंड पाण्याने, साबण लावून दोनदा. माय विचारत होती की काय झालं वं, आणि मी म्हणत होते की धूळ लागली.

तुम्ही शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. शिवीला उलट शिवी देता येते, तक्रार करता येते, बाबांना शाळेत आणता येतं. डोक्यावर ठेवलेल्या हाताचं काय करायचं? पुढे मी पुष्कळ वाचलं. दयेवर लिहिणारे वाचले, न्यायावर लिहिणारे वाचले, आणि प्रत्येक पुस्तकाच्या समासात मी पेन्सिलने तुमच्याशी भांडले. माझी पहिली गाजलेली भाषणं सगळी या एका संध्याकाळीतून निघाली. आम्हाला दया नको, आमच्या वाट्याची अवघड गोष्ट द्या, हे मी किती गावांत, किती चौकांत ओरडून सांगितलं असेल. अवघड गोष्ट काढून घेऊन तिच्या जागी सोपी ठेवायची आणि वर आशीर्वाद द्यायचा, याहून घाण वागणूक माणसाला माणसाशी करता येत नाही, असं मी मानते. आजही मानते. आणि तुमचं ते वाक्य नुसतं हीन नव्हतं, ते चूक होतं. विहारात गायली जाणारी कितीतरी गाणी तीन कॉर्डमध्ये बसत नाहीत, तुम्ही ती कधी बसून ऐकलीच नव्हती. ज्याने मला कान दिला त्याने आमच्या गाण्यांना कान दिला नाही. दहावीनंतर मी गिटारला हात लावला नाही. मला एफ येत नाही, सर. आजही येत नाही.

इतकी वर्षं मी समजत होते की तुमच्या त्या वागण्याचं कारण फक्त आमची वस्ती होती. काल मुख्याध्यापकांनी भाषणात एक गोष्ट सांगितली. म्हणाले, सरांच्या हाताखालचा एकही विद्यार्थी मध्यमाला कधी नापास झाला नाही, एकसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर मंडपात टाळ्या पडल्या. मी स्टेजवर बसले होते, टाळीसाठी उचललेले हात मी परत मांडीवर ठेवले. अर्थात नाही झाला! ज्याच्या नापास होण्याची तुम्हाला धास्ती वाटली त्याच्या हातात तुम्ही चिमटा ठेवलात. पेटीवाल्याला गिटार शिकवायला लावलं होतं, नागपूरचा परीक्षक येणार होता, आणि तुमच्या पुस्तकी गिटारची लाज झाकायची तर खात्रीची पोरंच पुढे करायला हवी होती. ज्यांच्या घरी गिटार होती ती खात्रीची. आम्ही बिनखात्रीचे. जात होतीच, सर, मी तुम्हाला त्यातून सोडत नाही. पण जातीच्या मांडीला मांडी लावून तुमचा निकाल बसला होता. तुमच्या त्या दयेच्या पोटात निकालाची काळजी होती, हे कळल्यावर तर मला शिसारीच आली.

टाळ्या चालू असतानाच शेजारी बसलेल्या बाई माझ्या कानाशी झुकून म्हणाल्या, "मॅडम, तुमचंबी तसंच हाये. तुमच्या कॉलेजची पोरं कधी ढाल सोडतच नाहीत."

त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. मी साकोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पोरं तयार करते. फिरती ढाल गेली कित्येक वर्षं आमच्याकडून फिरलेली नाही. यंदा करडीची एक मुलगी आहे, अकरावीतली. तिने गावातल्या तलावावर भाषण लिहून आणलं होतं, वहीची सात पानं. तलाव कागदावर कुणाचा, गाळ काढायला कोण उतरतं, मासे कुणाच्या ताटात जातात. वाचून दाखवताना ती अडखळत होती, घरची बोली मध्येच उसळून वर येत होती, हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मी ते स्पर्धेसाठी घेतलं नाही. मी तिला जलसंधारणावर चार मिनिटांचं भाषण लिहून दिलं, छोटी वाक्यं, 'ण' आणि 'ष' कमीत कमी येतील असे शब्द निवडून, शेवटी टाळीची जागा ठेवून. तिने विचारलं, "मॅडम, माह्यावालं खराब हाये का?" मी म्हटलं, "खराब नाही गं. पण परीक्षक नागपूरचे असतात. तिथे तुझा गोंधळ उडाला तर मला बघवणार नाही." हे मी म्हटलं. या तोंडाने. ती मान हलवून कागद घेऊन गेली, आणि दारात वळून थँक्यू मॅडम म्हणाली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, अगदी मनापासून बरं वाटलं होतं.

आज दुपारी मी तिच्या घरी फोन केला. तिच्या वडिलांनी उचलला. "मॅडम, नमस्कार! पोरीचं भाषण पक्कं झालं पाहा. सकाळपासून तेच म्हणून राहिली. तिच्या आजीलेबी पाठ झालं, आजी मधातच टाळी वाजवते."

"तिनं स्वतः लिहिलेलं होतं ते? ती सात पानं?"

"ते होय? ते तिनं ठेवून देल्लं. म्हणे आता मॅडमनं चांगलं देल्लं." मग त्यांनी विचारलं, "तिले देऊ का फोन?"

"नको," मी म्हटलं. "छान. चालू द्या."

स्पर्धा रविवारी आहे, आज गुरुवार. तिचे स्वतःचे शब्द तिला पाठ करावे लागणार नाहीत, म्हणून तीन दिवस पुष्कळ झाले, आणि मी पुन्हा फोन करू शकते. हे लिहायला बसले तेव्हा तुमचा सगळा हिशोब चुकता करून उठायचं, असं ठरवलं होतं. तो चुकता झालेला नाही, तुमची किळस तसूभरही कमी झालेली नाही, फक्त ती आता तुमच्या एकट्यापाशी थांबत नाही. हा कागद पाकिटात घालण्याचा प्रश्नच नाही. तुम्हाला पत्ता नाही, आणि तिच्या पत्त्यावर हे पाठवायची माझी हिंमत नाही. तिने लिहिलेलं माझ्या भाषणापेक्षा चांगलं आहे, सर, आणि हे मला पहिलं पान ऐकतानाच कळलं होतं. ढाल मला तरीही हवी आहे.